४४७२ चे ६०१०३ करताना

मॉडेल रेल्वेच्या इंजिनावर कारखान्यातून छापून आलेला क्रमांक पुसायचा आणि त्या जागी त्याच जातीच्या दुसऱ्या इंजिनाचा क्रमांक बसवायचा, या कामाला ब्रिटनमधले हौशी लोक ‘रिनंबरिंग’ म्हणतात. काम एका संध्याकाळचे दिसते आणि सामान चहाच्या बशीत मावते. तरीही या छंदात सर्वांत जास्त चुका इथेच होतात, आणि त्या हाताच्या नसतात, वाचनाच्या असतात.

गरज साधी आहे. खऱ्या रेल्वेत एका क्रमांकाचे इंजिन एकच असते. मॉडेल बनवणाऱ्या कंपनीला मात्र एका जातीचा साचा करायला मोठा खर्च येतो. मग त्या साच्यातून निघालेली इंजिने दोन-तीन क्रमांक छापून बाजारात येतात. सवलतीत मिळाले म्हणून दुसरे इंजिन घेणाऱ्याच्या रुळांवर एकाच क्रमांकाची जुळी भावंडे समोरासमोर येतात. क्रमांकाला न मानणारा माणूस म्हणेल, बिघडले काय? पण ब्रिटनमध्ये तसा माणूस या छंदात क्वचितच येतो. इयान अ‍ॅलन या सदर्न रेल्वेतल्या कारकुनाने १९४२ मध्ये इंजिनांच्या क्रमांकांची ‘एबीसी’ ही छोटी पुस्तिका काढली. त्यानंतर दोन पिढ्यांची मुले फलाटाच्या टोकाला उभी राहून, दिसलेल्या क्रमांकाखाली रेघ मारण्यात वाढली. मॉडेल रेल्वेचे बरेचसे गिऱ्हाईक त्यांच्यातूनच आले. त्यांना कुठलेही इंजिन चालत नाही, आपल्या गावावरून जाणारे हवे असते.

ब्रिटनमध्ये सर्वाधिक चालणारे प्रमाण ‘डबल ओ’. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलवर ४ मिलिमीटर, म्हणजे साधारण १:७६. युरोप-अमेरिकेत १:८७ चे ‘एचओ’ चालते. पुण्यात कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, तिथल्या गाड्या या मापाच्या. दोन्हींच्या रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटरच, डबल ओची गाडी रुळांच्या मानाने थोराड असते, ही ब्रिटिशांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवून घेतलेली विसंगती. डबल ओच्या मापात खऱ्या इंजिनावरचा आठ इंची आकडा जेमतेम २.७ मिलिमीटर उंच होतो.

क्रमांक बदलण्याआधी तो कसा पडला ते कळावे लागते. १ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटनमधल्या चार मोठ्या रेल्वे कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. एकच क्रमांक चौघींकडे असल्याने गोंधळ टाळायला सदर्नच्या क्रमांकांत ३०,०००, एलएमएसच्या क्रमांकांत ४०,००० आणि एलएनईआरच्या क्रमांकांत ६०,००० मिळवले गेले. ग्रेट वेस्टर्नची इंजिने सुटली. त्यांचे क्रमांक रंगवलेले नव्हते, ओतीव पाट्यांवर होते. म्हणून ग्रेट वेस्टर्नच्या मॉडेलवर आजही क्रमांक पुसून भागत नाही, पितळेची कोरीव पाटीच बदलावी लागते.

डिझेल इंजिनांना १९५७ च्या पद्धतीने ‘डी’ लावून क्रमांक मिळाले. मग अमेरिकेतल्या सदर्न पॅसिफिक रेल्वेकडून घेतलेली ‘टॉप्स’ ही संगणक-प्रणाली आली आणि १९७३-७४ च्या सुमारास सगळे क्रमांक पुन्हा बदलले: दोन आकडे जातीचे, तीन आकडे इंजिनाचे. इथे एक गंमत आहे. या पद्धतीत ००० हा क्रमांक नव्हता. त्यामुळे शून्यावर संपणारे पहिले इंजिन रांगेच्या शेवटी किंवा मध्येच कुठेतरी गेले. डेल्टिक जातीचे डी९००१ हे ५५००१ झाले, पण डी९००० हे ५५०२२. डी६७०० हे ३७११९ झाले. डी२०० ला ४०१२२ मिळाला, कारण डी३२२ आधीच मोडीत निघून त्याची जागा रिकामी होती. केवळ बेरीज-वजाबाकीवर विसंबून ‘डी’चा क्रमांक बदलणारा पहिल्याच इंजिनाला फसतो. शिवाय जानेवारी १९७६ पासून डिझेलच्या तोंडावरच्या पेटीत गाडीचा सांकेतिक क्रमांक दाखवणे बंद झाले आणि हळूहळू तिथे काळ्या पाटीवर दोन पांढरे ठिपके आले. नवा क्रमांक आणि जुनी पेटी एकत्र असतील, तर ते इंजिन मोजक्या एक-दोन वर्षांतलेच ठरते.

क्रमांक म्हणजे तारीख, हे ‘फ्लाइंग स्कॉट्समन’इतके दुसरे कुठलेही इंजिन नीट शिकवत नाही. १९२३ मध्ये डॉनकास्टरच्या कारखान्यातून ते १४७२ क्रमांकाने बाहेर पडले. १९२४ मध्ये वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात ते मांडले गेले, तेव्हा ते ४४७२ झाले होते. १९४६ मध्ये एलएनईआरने सगळ्या इंजिनांना नव्याने क्रमांक दिले, तेव्हा जानेवारीत त्याला ५०२ मिळाला आणि मे महिन्यात १०३. राष्ट्रीयीकरणानंतर १९४८ च्या डिसेंबरात ६०१०३. एकाच इंजिनाचे हे पाच क्रमांक.

आता समजा, एखाद्याजवळ सफरचंदी हिरव्या रंगाचे ४४७२ आहे आणि त्याला त्याचे ६०१०३ करायचे आहे. नुसते आकडे बदलले तर जे हाती येईल ते कधीच अस्तित्वात नव्हते. पहिली अडचण बॉयलरची. हे इंजिन मूळचे ‘ए१’ जातीचे, १९४७ च्या जानेवारीत जास्त दाबाचा बॉयलर बसवून ते ‘ए३’ झाले. ए३ च्या पुढच्या गोल धूरपेटीच्या दोन्ही कुशींवर सुपरहीटरची लहान आयताकृती झाकणे दिसतात, ए१ ला ती नाहीत. दुसरी अडचण धुरांड्याची: १९५८-५९ च्या सुमारास एकेरी धुरांड्याच्या जागी दुहेरी आले. १९६१ मध्ये धूर ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढून वर ढकलणारे जर्मन धर्तीचे पत्रे धूरपेटीच्या बाजूंना लागले. रंगही निळा, मग गडद हिरवा असा बदलला. टेंडरवरचे, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावरचे, बोधचिन्ह १९५६ मध्ये दुसरे आले. चाकावर उभा सिंह हे पहिले, मुकुटातून वर आलेला चाक धरणारा सिंह हे दुसरे. म्हणजे पहिल्या सिंहाचे ६०१०३ असेल तर एकेरी धुरांडे आणि पत्रे नाहीत. दुहेरी धुरांडे आणि पत्रे असतील तर दुसरा सिंह. यापलीकडे जाणारे मॉडेल कितीही सुबक असले तरी चूक.

ए३ च्या जातीत ६००३५ ते ६०११२ इतकी ७८ इंजिने होती, म्हणजे निवडीला वाव भरपूर. त्यांतल्या बहुतेकांना शर्यतीच्या घोड्यांची नावे होती: ‘सँडविच’, ‘प्रिटी पॉली’, ‘गे क्रुसेडर’. पण इथेही अपवाद टपून बसलेले असतात. ‘ह्यूमरिस्ट’ला दुहेरी धुरांडे १९३७ मध्येच मिळाले होते, इतरांच्या वीस वर्षे आधी. टेंडरही एकाचे दुसऱ्याला लागत. १९२८ पर्यंत एलएनईआरचे क्रमांक टेंडरवरच असत. नंतर ते ड्रायव्हरच्या केबिनवर आले, कारण टेंडर बदलले की इंजिन आणि टेंडर वेगवेगळे क्रमांक सांगू लागत. म्हणून जाणकार मंडळी आधी ठरलेल्या क्रमांकाच्या इंजिनाचे, ठरलेल्या वर्षाचे छायाचित्र मिळवतात आणि मगच मॉडेल विकत घेतात. उलट क्रमाने जाणे महागात पडते.

प्रत्यक्ष काम पुसण्यापासून सुरू होते. कारखान्यात आकडे सिलिकॉनच्या मऊ ठशाने छापलेले असतात, शाईचा थर अगदी पातळ. तो काढायला मोटारीच्या रंगावरचे ओरखडे घालवणारे पॉलिश कान कोरण्याच्या कापसाच्या काडीवर घेऊन आकड्यावर हळू घासतात. ब्रिटनमध्ये ‘टी-कट’ हे त्यातले सर्वांचे आवडते. काही जण टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली काडी मिनिटभर आकड्यावर टेकवून शाई सैल करतात आणि टूथपिकच्या टोकाने खरवडतात. टूथपिक हवी लाकडी. ती प्लास्टिकपेक्षा मऊ असते. नेलपॉलिश काढायचे द्रावण मात्र दूर ठेवावे, त्यातले अ‍ॅसिटोन प्लास्टिकच विरघळवते. कोणतेही द्रावण आधी टेंडरच्या पोटाशी, न दिसणाऱ्या जागी वापरून पाहतात. आकड्याभोवती काळी-पांढरी किंवा केशरी किनार असते. तिच्यावर हात गेला तर ती पुन्हा काढणे क्रमांकापेक्षा दसपट कठीण. घासलेली जागा चकाकते, पण त्याची काळजी नको, ती चकाकी पुढे उपयोगाचीच आहे.

फक्त शेवटचा आकडा बदलायचा मोह प्रत्येकाला होतो. ६०१०३ चे ६०१०८ करायला तीनचा आठ केला की झाले. पण कारखान्याचा पांढरा आणि नव्या चिकटवायच्या आकड्यांचा पांढरा क्वचितच एकसारखे असतात. हातभर अंतरावरून दिसत नाही, छायाचित्रात दिसते. पाचही आकडे काढणे बरे.

नवे आकडे दोन प्रकारचे मिळतात: बोटाने घासून उतरवायचे कोरडे, आणि पाण्यात भिजवून सरकवायचे डेकल. फॉक्स, एचएमआरएस, मॉडेलमास्टर ही ब्रिटनमधली परिचित नावे. वळण महत्त्वाचे असते. वाफेच्या इंजिनांवर ‘गिल सॅन्स’ चालते, तर १९६५ नंतरच्या निळ्या डिझेलवर जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी घडवलेले ‘रेल अल्फाबेट’. भारतीय इंजिने करणाऱ्यांची पंचाईत वेगळीच. कल्याण किंवा पुणे शेडचे इंजिन म्हटले की शेडचे नाव देवनागरीतही लागते. विलायती पानांवर ते नसते, म्हणून घरी छापावे लागते. आणि घरचा साधा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही. मग पांढऱ्या डेकल-कागदावर आजूबाजूचा रंगच छापून आकडे कोरे सोडायचे, असा उलटा मार्ग घेतात.

डेकल बसवताना पृष्ठभाग चकचकीत हवा, आणि त्यामागे कारण आहे. मॅट रंग म्हणजे सूक्ष्म खडबडीतपणा. डेकलची पारदर्शक फिल्म त्या उंचवट्यांवर टेकते, खाली हवा राहते आणि ती प्रकाशात चंदेरी दिसते. आकड्याभोवती उमटणारी ती चौकट सगळी मेहनत उघडी पाडते. म्हणून आधी चकचकीत व्हार्निशचा हात देतात आणि तो पूर्ण सुकू देतात.

मग खालच्या बाजूला मास्किंग टेपची सरळ पट्टी चिकटवतात, ती आकड्यांची बैठक. पाच आकडी क्रमांक डावीकडून लावायला घेतला तर शेवटचा आकडा हमखास खिडकीच्या कडेला भिडतो. सुरुवात मधल्या आकड्यापासून करायची. ६०१०३ मध्ये तो ‘१’: त्याची जागा केबिनच्या मध्यरेषेवर. तेवढाच तुकडा कापून कोमट पाण्यात बुडवायचा, अर्धा मिनिट थांबायचे. चिमट्याने उचलून बोटाने ढकलून पाहायचे. सरकला की तयार. ओल्या जागेवर सरकवून ब्रशच्या टोकाने टेपला टेकवायचा आणि टिश्यूचा कोपरा लावून पाणी टिपायचे. पुसायचे नाही. मग दोन्ही बाजूंचे शून्य, मग सहा आणि तीन. ‘१’ अंगाने बारीक असल्याने त्याच्या शेजारचे अंतर मोजून सारखे ठेवले तर डोळ्याला ते जास्त दिसते. ते अंदाजानेच कमी करावे लागते. वर फिल्म मऊ करणारे द्रावण लावले की डेकल रिव्हेटच्या डोक्यांवरही बसतो. त्या वेळी तो सुरकुततो, नवखा घाबरतो आणि बोट लावून सगळे बिघडवतो. न शिवता सोडला तर सुकताना तो आपोआप ताणून बसतो. दुसऱ्या दिवशी मॅट किंवा सॅटिन व्हार्निशचा फवारा, की चकाकलेला डाग, डेकल आणि मूळ रंग एकाच झळाळीचे होतात.

केबिनच्या दोन बाजूंनंतर धूरपेटीच्या दारावरची पाटी राहते. पाच आकड्यांची ही पाटी मॉडेलवर तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्याखाली लंबगोल पाटीवर शेडचा संकेत, लंडनच्या किंग्ज क्रॉसचा ३४ए. क्रमांक बरोबर आणि शेड चुकीचे, ही चूक जाणकार सर्वांत आधी पकडतात. नावाची पाटी असेल तर कोरीव पितळी पाटी छापील नावावरच चिकटवतात. ती थोडी मोठी असते, खालचे नाव झाकले जाते.

एक क्रमांक अजून उरतो, इंजिनाच्या पोटातला. डिजिटल नियंत्रणावर म्हणजे डीसीसीवर धावणाऱ्या इंजिनात डिकोडर असतो आणि तो नवा असताना ३ या पत्त्याला उत्तर देतो. पत्ता म्हणून इंजिनाचाच क्रमांक द्यायची रीत आहे, पण बहुतेक कंट्रोलर ९९९९ च्या पुढे जात नाहीत. म्हणून ६०१०३ ला १०३ वर भागवावे लागते. १२७ पर्यंतचा पत्ता डिकोडरच्या ‘सीव्ही१’ या स्मृतिखान्यात थेट लिहिता येतो. ४४७२ साठी मोठा पत्ता लागतो. ४४७२ ला २५६ ने भागले की भागाकार १७ आणि बाकी १२०. भागाकारात १९२ मिळवून २०९ हा आकडा सीव्ही१७ मध्ये, १२० सीव्ही१८ मध्ये, आणि मोठा पत्ता वापरायचा हे सांगायला सीव्ही२९ मध्ये ३२ ची भर. आजचे बहुतेक कंट्रोलर हे गणित स्वतःच करतात. क्रमांक बदलून पत्ता बदलायचे विसरले, की १०३ ची कळ दाबल्यावर हे इंजिन जागचे हलत नाही, आणि जुना पत्ता फिरवला की भलत्याच वेळी चालू लागते.

खोक्यावरचा जुना क्रमांक तसाच राहतो. विकताना खोके आणि इंजिन जुळत नसेल तर संग्राहक कमी भाव देतात, मग काम कितीही सफाईदार असो. संग्रहासाठी घेतलेल्या इंजिनाला हात लावू नये, रुळांवर धावणाऱ्याचा संकोच करू नये.

खऱ्या फ्लाइंग स्कॉट्समनबाबत हा संकोच कोणीच केला नाही. १९६३ मध्ये रेल्वेच्या सेवेतून निघाल्यावर ते पुन्हा सफरचंदी हिरवे ४४७२ झाले, एकेरी धुरांड्यासह. २०११ मध्ये त्याला युद्धकाळातला काळा रंग दिला, तेव्हा केबिनच्या एका बाजूला १०३ आणि दुसऱ्या बाजूला ५०२ होते. २०१६ मध्ये मोठी दुरुस्ती करून ते रुळांवर परतले ते गडद हिरव्या रंगात, दुहेरी धुरांड्याने, धुराचे पत्रे लावून, ६०१०३ म्हणून. त्याचे मॉडेल करायचे असेल तर वर्ष आधी ठरवावे.