न बसणारा भाग, न येणारे उत्तर

व्यापारात चूक होणे अक्षम्य नाही. चूक दाखवून दिल्यावर मौन धारण करणे मात्र अक्षम्य आहे. हुबळीच्या देशपांडे नगरात एखाद्या परवानाधारक हौशी रेडिओचालकाने गच्चीवर मनोरा उभारावयास घेतला, असे समजा. परगावाहून मागविलेल्या बेअरिंगमध्ये ॲंटेनाचा दांडा शिरतच नाही. विक्रेत्यास कळवावे, तर ‘ठोकून-घासून बसवा’ असे उत्तर येते आणि पुढे तेही येत नाही. असा अनुभव कोणत्या ग्राहकास अपरिचित आहे?

या घोळाचे मूळ पुष्कळदा मापात असते. आपल्या बाजारात ‘दोन इंची’ म्हणून मिळणाऱ्या पाण्याच्या नळाचा बाहेरील व्यास सुमारे ६०.३ मिलिमीटर भरतो. अमेरिकी धाटणीच्या सामानात दोन इंच म्हणजे बाहेरून मोजलेले ५०.८ मिलिमीटर. साडेनऊ मिलिमीटरचे हे अंतर कानशीने कसे मिटावे? माल धाडण्यापूर्वी विक्रेत्याने ‘दांडा बाहेरून किती मिलिमीटर?’ एवढे विचारले असते, तर दोघांचाही मनस्ताप वाचला असता. शिवाय घासण्याने जस्ताचा थर निघतो आणि उघड्या लोखंडाला आपल्या किनाऱ्यावरील खारी हवा काय करते, हे कोकणात व गोव्यात कोणास सांगावयास हवे? तो गंजलेला सांधा उद्या वादळवाऱ्यात मनोऱ्यावर चढणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

हा केवळ छंदिष्टांचा प्रश्न आहे, असेही कोणी समजू नये. २६ डिसेंबर २००४ रोजी सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी रेडिओचालकांचे पथक पोर्ट ब्लेअरमध्ये होते. अंदमान-निकोबारचे दळणवळण कोलमडले असता त्यांच्याच यंत्रांवरून निरोप पोहोचले. संकटाच्या घटकेला उपयोगी पडणारे साधन आधी नीट बसलेले असावे लागते.

ग्राहक आज निराधार नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य आरंभिले. पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. या नव्या कायद्यान्वये विक्रेता कितीही दूरचा असला, तरी ग्राहकास स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार गुदरता येते. देशपांडे नगरच्या रहिवाशास त्यासाठी धारवाड जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. तक्रारीस दोन वर्षांची मुदत असून पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही.

परंतु हक्कासोबत दक्षताही हवी. मागणीपत्रात माप मिलिमीटरमध्ये व ‘बाहेरून’ की ‘आतून’ हे स्पष्ट लिहावे. भाग बसत नसेल, तर त्यास हत्यार लावू नये. मोजपट्टीसह छायाचित्र घेऊन तत्काळ लेखी कळवावे. वस्तू घासली, कापली की वाद दुबळा होतो. माप चुकीचे ग्राहकानेच कळविले असेल, तर दोष विक्रेत्याच्या माथी मारणेही न्याय्य नव्हे.

तथापि दोष कोणाचाही असो, पत्रास उत्तर देणे हे विक्रेत्याचे कर्तव्यच आहे. पैसे घेताना जी तत्परता दिसते, तिच्या निम्मी तरी तक्रार ऐकताना दिसावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. ती जेथे पुरी होत नाही, तेथे ग्राहकांनी हताश होऊन गप्प न बसता आयोगाचे दार अवश्य ठोठवावे.