शब्द पाठ झाले, वापराचे काय?

फळ्याच्या डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ आणि घरून दहा वेळा लिहून आणण्याचा गृहपाठ! पाठ्यपुस्तके बदलली, अभ्यासक्रम बदलले. भाषेच्या तासाचे हे दृश्य मात्र अनेक शाळांत टिकून आहे. त्याचे मूळ शिक्षकांच्या मनात लहानपणीच रुजलेल्या समजुतींमध्ये आहे.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये 'स्कूलटीचर' या ग्रंथात याची उकल केली. शिक्षक होऊ इच्छिणारी व्यक्ती प्रशिक्षणापूर्वीच विद्यार्थी म्हणून हजारो तास शिक्षकांना न्याहाळत असते. शिकविणे म्हणजे काय, याची कल्पना तेथेच पक्की होते. त्यामुळे छात्राध्यापक परीक्षेत नव्या अध्यापन पद्धतींवर उत्तरे लिहितात आणि वर्गात उभे राहिल्यावर आपल्या गुरुजींसारखेच शिकवू लागतात.

परभणी जिल्ह्यात या समजुतींचे मोल अधिक आहे. राज्यात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. मात्र जिंतूर, पालम किंवा गंगाखेड तालुक्यातील खेड्यात इंग्रजी बोलणे क्वचितच कानी पडते. तेथे नव्या शब्दांसाठी मुलांची भिस्त शिक्षकावरच असते.

तीन समजुती

एका शब्दाला एकच प्रतिशब्द, ही पहिली समजूत. मराठीत ऊस तोडतात, भाजी चिरतात आणि केस कापतात. इंग्रजीत या तिन्हींसाठी 'कट' चालतो. 'कट म्हणजे कापणे' एवढेच पाठ केलेल्या मुलाला ऊसतोडीविषयी एक वाक्य लिहितानाही अडखळावे लागते. शब्द ओळखणे आणि तो वापरता येणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

धड्यातील अवघड शब्द तेवढेच महत्त्वाचे, ही दुसरी समजूत. बंगालमध्ये शिक्षणकार्य केलेले मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २,००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सतत भेटणारे शब्द आधी पक्के व्हावेत, हा तिचा गाभा होता. दुर्मिळ शब्दावर दहा मिनिटे खर्च करणारा शिक्षक नेहमीच्या शब्दांचा वेळ हिरावून घेतो.

घरचे शब्द अशुद्ध, ही तिसरी आणि सर्वांत घातक समजूत. ग्रामीण मूल शेताला 'वावर', भाजीपाल्याला 'माळवं' आणि कपाशीला 'पऱ्हाटी' म्हणते. हे शब्द चूक ठरवून खोडले, की मूल बोलायचेच थांबते. त्याऐवजी 'वावर'शेजारी 'शेत' लिहिले, तर एकाचे दोन शब्द होतात. उर्दू किंवा बंजारा बोली घरात असलेल्या मुलांनाही हाच न्याय लावायला हवा.

पाठांतर वाईट नाही

याचा अर्थ पाठांतर टाकाऊ आहे, असा नव्हे. मातृभाषेतील अर्थ सांगणे हा शब्द समजावण्याचा झटपट मार्ग आहे. मात्र जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखविले, की शिकलेले वेगाने विसरले जाते आणि काही अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. म्हणजे एकाच रात्री दहा वेळा लिहिण्यापेक्षा आठवडाभरात चार वेळा, वेगवेगळ्या वाक्यांत शब्द भेटणे हिताचे.

बदल कोठे होईल?

केवळ व्याख्यानांनी जुन्या समजुती हटत नाहीत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे केले आणि दुसऱ्या वर्षात १६ आठवड्यांची शालेय आंतरवासिता ठेवली. खरी संधी या काळातच आहे. छात्राध्यापकाने शिकविलेले शब्द आठवड्यानंतर मुलांच्या बोलण्यात किती उतरले, हे त्याने स्वतः तपासले, तर त्याची समजूत अनुभवानेच बदलू शकेल.

पाठ टाचणाच्या वहीत 'नवीन शब्द' असा रकाना असतोच. त्याच्या शेजारी 'मुलांनी वापरलेले शब्द' असा आणखी एक रकाना आखायला खर्च येत नाही. तो रिकामा राहिला, तर शिकविण्यात काय उणे आहे, हे शिक्षकाला तेथेच दिसेल.