नाव कापलेली सही

जुलै 2025 मध्ये गुरुदत्त यांची जन्मशताब्दी झाली आणि त्यांच्या सह्यांना एकदम बहर आला. ओळखीचे एक गृहस्थ असाच एक फोटो दाखवायला घेऊन आले. ‘प्यासा’तला चेहरा, कोपऱ्यात जाड काळ्या मार्करची ऐटदार सही आणि सोबत सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र. मी फोटो उलटा केला. मागची बाजू प्लास्टिकसारखी गुळगुळीत. असा थर दिलेला कागद सर्रास वापरात आला तो सत्तरच्या दशकात. सहीवाल्यांचं लाडकं शार्पी मार्करही अमेरिकेत निघालं 1964 मध्ये, आणि त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला गुरुदत्त गेले. सही करायला ते बहुधा परत आले असावेत! गृहस्थ म्हणाले, “पण सर्टिफिकेट आहे ना?”

इथंच माझं डोकं फिरतं.

सैगलच्या काळातल्या सह्यांबद्दल मी बोलत नाही, ते सगळं ऐकीव. आमचं दशक सत्तरचं. ‘आराधना’नंतर अर्धी मुंबई राजेश खन्नाच्या मागे धावत होती. मी मात्र दादरच्या शिवाजी मंदिरात पडीक असे. डॉ. लागूंचं ‘नटसम्राट’ 1970 च्या अखेरीस आलं, तिथून पुढची दहा वर्षं. प्रयोग संपला की रंगपटाच्या दाराशी आम्ही पोरं हातात फोटो घेऊन उभी. आत शिरायचं तर डोअरकीपरची मनधरणी. नट तोंडावरचा रंग पुसता पुसता विचारायचे, “नाव काय रे तुझं?” मग फोटोवर आधी आपलं नाव उमटे, खाली त्यांची सही. त्या नावाचाच तोरा मोठा.

सिनेमावाल्यांचं काम टपालाने चाले. तिकीट लावलेलं पाकीट पत्रासोबत धाडलं की यथावकाश पोस्टकार्डाएवढा कृष्णधवल फोटो यायचा. सही पुष्कळदा छापील, नाहीतर सचिवाने गिरवलेली. फोटो तिरप्या उजेडात धरला की खऱ्या शाईची चकाकी वेगळी दिसते. छापील सही चित्रातच मुरलेली असते. सचिवाची सही ओळखणं मात्र कठीण, कारण रोज ढिगाने करून त्याचा हात साहेबांपेक्षाही सफाईदार झालेला! अशा वेळी पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का निदान साल तरी सांगतो. पण पाकिटं आयांनी बंबात घातली.

मग व्यापारी आले. माझा मित्र बंडू याच्याकडे एका थोर नटाचा फोटो होता, वरच्या कडेला ‘प्रिय बंडूस’ आणि खाली सही. अडचणीच्या दिवसांत घरच्यांनी तो विकला. ऐंशीच्या दशकात तोच फोटो मला चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर दिसला. वरून बोटभर आखूड झालेला. ब्लेडने नाव छाटलं होतं आणि ‘डू’च्या उकाराचं शेपूट तेवढं कडेला लोंबत राहिलं होतं. विचारलं तर दुकानदार सहज म्हणाला, नाववाल्या फोटोला गिऱ्हाईक कमी देतं. दुसऱ्याचं नाव भिंतीवर कोण लावणार?

खोट्या सह्या करणाऱ्याला नाव नकोच असतं, कारण नाव आलं की माणूस आला, आणि माणूस आला की त्याला जाऊन विचारता येतं. म्हणजे त्या ब्लेडने फोटोचा साक्षीदारच कापला होता. त्या दुकानदाराला मी अजून माफ केलेलं नाही.

पुढच्या वर्षांत सांगण्यासारखं फार नाही. सेल्फी आली, सही मागणारा हात गेला, आणि जुन्या फोटोंचे भाव चढले. कॅटलॉगात ‘खासगी संग्रहातून’ एवढे दोन शब्द लिहिले की वंशावळ पूर्ण! प्रमाणपत्राचं म्हणाल, तर 1999 मध्ये अमेरिकेत एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये खोट्या सह्यांची टोळी पकडली. त्यांच्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा होते. बनावट प्रमाणपत्रं हा त्याच धंद्याचा भाग होता. तरी आमचे गृहस्थ तो सोनेरी शिक्का घडी न मोडता परत घेऊन गेले.

तुमच्या घरात असा एखादा फोटो असेल तर मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा: सही कुणी दिली, कुठे, कोणत्या प्रयोगाला, कुणासाठी. बॉलपेन वापरू नका, त्याचा वळ पुढे उमटतो. पाकीट असेल तर त्याच्यासोबतच ठेवा. आणि विकायचाच झाला तर दोन पैसे कमी घ्या, पण नावासकट विका.