गुत्त्यात बसायला जागा का नाही?

लातूरच्या गंजगोलाईत उभे राहिले की बाजारपेठेची मांडणी एका नजरेत ध्यानात येते. मध्यभागी दुमजली वर्तुळाकार इमारत, तिच्या मधोमध अंबाबाईचे देऊळ आणि भोवताली चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फुटलेले सोळा रस्ते. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार १९१७ साली ही इमारत उभी राहिली. कुठल्या रस्त्याला दागिने, कुठे चपला, कुठे मिरची आणि गूळ. शेतकऱ्याने माल आणावा, आडत्याकडून हिशेबपट्टी घ्यावी, त्याच पैशांत घरचा बाजार करावा आणि दिवस मावळताना गावाकडची वाट धरावी, असा या पेठेचा जुना क्रम. या क्रमात हॉटेलातला चहा येतो, खानावळ येते आणि कोणी मोकळेपणाने सांगत नसले तरी दारूचे दुकानही येते. हमाल, मापाडी, गाडीवान आणि मालाचा पैसा हाती पडलेला शेतकरी ही त्याची गिऱ्हाईके. पेठेतल्या प्रत्येक व्यवसायाचा इतिहास कौतुकाने सांगितला जातो. या एका व्यवसायाविषयी मात्र एकतर निषेध ऐकू येतो, नाहीतर विनोद. तो चालतो कसा, याचा विचार फारसा होत नाही.

विचाराची सुरुवात नावापासून करावी. इंग्लंडातल्या बाजारगावी अशा जागेला ‘पब’ म्हणतात. मूळ शब्द ‘पब्लिक हाउस’, म्हणजे चारचौघांसाठी उघडे असलेले घर. आपल्याकडचा शब्द ‘गुत्ता’. आणि गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. मराठवाड्यात रस्ते-पुलांची कामे घेणाऱ्याला आजही ‘गुत्तेदार’च म्हणतात, शेजारच्या कन्नडात कंत्राटाला ‘गुत्तिगे’ हा शब्द आहे. दारू विकण्याचा मक्ता ज्याने सरकारकडून घेतला त्याचे दुकान ते गुत्ता. म्हणजे एका भाषेने ही जागा घरावरून ओळखली, दुसऱ्या भाषेने सरकारी करारावरून. हा फरक केवळ शब्दांचा नाही. हा धंदा आपल्याकडे ज्या रीतीने चालवला गेला, त्याचे सारे सार या एका शब्दात आले आहे.

निजामाच्या राजवटीत लातूर असताना आबकारी हे संस्थानच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक होते. फसली १३१६ चा, म्हणजे साधारण इसवी सन १९०७ चा हैदराबाद आबकारी कायदा त्याचा पाया होता. दारूच्या दुकानांचे लिलाव होत. सर्वाधिक बोली लावणाऱ्याला ठराविक मुदतीसाठी विक्रीचा हक्क मिळे. मोहाच्या फुलांपासून गाळलेली दारू एकीकडे आणि शिंदी दुसरीकडे. शिंदी म्हणजे खजुराच्या जातीच्या रानझाडाचा रस. उर्दू कागदोपत्री ती ‘सेंदी’ होई. तिच्या बाबतीत दुकानाच्या मक्त्याखेरीज झाडांवरही कर असे.

शिंदीचा एक गुणधर्म येथे लक्षात घेतला पाहिजे. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, तो नीरा. ऊन चढू लागते तसा तो आंबतो, दुपारी त्यात नशा येते आणि दुसऱ्या दिवशी तो पिण्यालायक राहत नाही. अशी वस्तू बाटलीत बंद करून साठवता येत नाही, दूर पाठवता येत नाही. म्हणजे पिणाऱ्याला झाडाजवळच्या दुकानी यावे लागे, तेथेच मडक्यातून ओतून घ्यावे लागे आणि बसून संपवावे लागे. नशाही बेताची, शिंदी-ताडीत मद्यार्काचे प्रमाण साधारण चार-पाच टक्के, म्हणजे बिअरइतके. तेवढी झिंग यायलाही चार घटका लागतात. त्यामुळे शिंदीच्या दुकानापुढे माणसे बसत, बोलत. इंग्रजी पबशी नाते सांगावेसे असे काही आपल्याकडे होते, तर ते येथे होते.

हे चित्र फार गोंडस करू नये. ज्याने लिलावात चढी बोली लावली त्याला मुदत संपण्याच्या आत ती रक्कम वसूल करायची असे. त्याच्या दृष्टीने गिऱ्हाईक जितके पिईल तितके थोडेच. आज मुदतीत कमावले नाही, तर पुढच्या लिलावात दुकान दुसऱ्याचे. एकाच गावात वीस-तीस वर्षे दुकान चालवायचे आहे, तेव्हा आपल्या गिऱ्हाइकाचा संसार टिकला पाहिजे, असा विचार करण्यास मक्ता वाव देत नाही.

दारूचा कायदा हद्दीबरोबर कसा बदलतो, हेही लातूरइतके फार थोड्या गावांनी अनुभवले असेल. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली आणि पेठेचे भाग्य उजळले. या छोट्या गाडीच्या वाटेवर बार्शी मुंबई इलाख्यात, लातूर निजामाकडे. बार्शीला १८७८ चा मुंबई आबकारी कायदा लागू, लातूरला हैदराबादचा. स्वातंत्र्यानंतरही हा भेद लगेच मिटला नाही. मोरारजी देसाई यांच्या आग्रहाने मुंबई राज्यात १९५० मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. हैदराबाद राज्यात तेव्हा आबकारीचा स्वतंत्र कायदा चालू होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये मुंबईचा दारूबंदी कायदा या भागालाही लागू झाला.

हाच कायदा आजही आहे. ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याखाली राज्यात दारू विकली जाते, ही गोष्ट परगावच्या माणसाला सांगितली तर तो आपल्याकडे संशयाने पाहील. पण त्याची संगती लागते. कायद्याचा मूळ नियम असा की दारू निषिद्ध आहे. परवाना असेल तरच सूट. परवाना केवळ विकणाऱ्याला नव्हे, पिणाऱ्यालाही हवा. ‘परमिट रूम’ हे नाव त्यातून आले: ज्याच्याकडे परमिट आहे, त्याने जेथे बसून प्यावे ती खोली. या परमिटाचे एक कारण ‘आरोग्याचे जतन’ असे कागदावर नमूद असे. संध्याकाळी परमिट रूममध्ये शिरणारी सगळी मंडळी या अर्थाने प्रकृतीच्या काळजीनेच आलेली असतात!

संपूर्ण दारूबंदी टिकली नाही. हातभट्ट्यांनी तिचा कणा मोडला. काळा गूळ आणि नवसागर कोठे मिळतो, हे गुळाच्या पेठेत कोणाला विचारावे लागत नसे. अखेर १९७० च्या दशकाच्या आरंभी धोरण सैल झाले. १९७३ मध्ये देशी दारूचे नवे नियम आले आणि आज पेठांतून दिसणारे ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ जन्माला आले. खात्याच्या भाषेत या परवान्याचे नाव ‘सीएल-३’.

या दुकानात मालकाच्या हाती काय आहे, हे पाहिले तर आश्चर्य वाटेल इतके थोडे आहे. माल उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काचा, कारखान्यातूनच बाटलीबंद होऊन येतो. मद्यार्काचे नेहमीचे प्रमाण ४२.८ टक्के. शुल्क कारखान्याच्या दारीच भरलेले. किंमत लेबलावर छापलेली. रोजच्या आवक-विक्रीची नोंदवही राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या निरीक्षकाला केव्हाही दाखवता आली पाहिजे. कामावरच्या माणसाचा ‘नोकरनामा’ खात्याकडून मंजूर हवा. शाळा आणि देवळांपासूनचे अंतर नियमात बसले पाहिजे. मार्चअखेर परवान्याचे नूतनीकरण. २ ऑक्टोबरला दुकान बंद, निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास बंद. चांगला माल ठेवावा, भाव कमी करावा, स्वतःचे काही वेगळे करावे, असे कोणत्याही दुकानदाराला जे सुचते त्यातले येथे काहीच करता येत नाही. उरते ते एकच: अधिक बाटल्या विकणे.

त्यात आणखी एक पेच आहे. तेव्हापासून किरकोळ विक्रीचे नवे परवाने देणे राज्याने जवळजवळ थांबवले. हेतू चांगला होता, दुकाने वाढू नयेत. परिणाम असा की जुना परवाना हीच एक मिळकत झाली. दुकानातल्या मालापेक्षा भिंतीवर टांगलेल्या कागदाचे मोल कितीतरी पट अधिक. परवाना एकाच्या नावे आणि गल्ल्यावर बसलेला दुसराच, हे सर्रास ऐकू येते. म्हणजे लिलाव गेला, तरी मक्त्याची वृत्ती राहिली. ज्याने परवान्यासाठी जबर मोल मोजले, तो जुन्या गुत्तेदारासारखाच घाईत असतो.

आता शिंदीच्या दुकानाशी तुलना करून पाहावी. चार-पाच टक्क्यांच्या जागी बेचाळीस टक्के आले. मडक्याऐवजी सीलबंद बाटली आली. तिला बसण्याची गरज नाही. गल्ल्यावर पैसे टाकावेत, १८० मिलिलिटरची क्वार्टर घ्यावी, उभ्याउभ्याच दोन-तीन घोटांत रिकामी करावी आणि चालू लागावे. चखणा बाहेरच्या हातगाडीवर: फुटाणे, शेंगदाणे, उकडलेली अंडी. जी पेयाची जागा होती ती केवळ विक्रीची खिडकी झाली. बसायला बाकडे नाही ते जागेच्या टंचाईमुळे नाही. बसलेला माणूस खिडकी अडवतो म्हणून नाही.

बसण्याची सोय परमिट रूममध्ये आहे, पण ती दुसऱ्या वर्गासाठी. दिवे मंद, ‘फॅमिली रूम’ची पाटी वेगळी, बिल हमालाच्या आवाक्याबाहेरचे. जून २०२५ मध्ये राज्याने शुल्कवाढ केली तेव्हा १८० मिलि देशी दारूची किमान किंमत ८० रुपये आणि विदेशी धाटणीच्या मद्याची २०५ रुपये ठरली. त्यावर परमिट रूममध्ये मूल्यवर्धित कर, दरवर्षी वाढणारे परवाना शुल्क आणि मालकाचा नफा. करांच्या या ओझ्याविरुद्ध १४ जुलै २०२५ रोजी राज्यभरातील परमिट रूमचालकांनी एक दिवस बंद पाळला. त्यांचे म्हणणे असे की बसून पिण्याची जागा जितकी महाग होईल, तितकी माणसे बाटली घेऊन धाब्यावर, रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर जातील. धंद्याचा स्वार्थ वजा केला, तरी या म्हणण्यात तथ्य उरते. लातूरच्या बाह्यवळणावर रात्री फिरून आलेल्या कोणालाही ते पटावे.

प्रश्न अखेर एवढाच आहे की पिणाऱ्याला ‘आता पुरे’ असे कोणी म्हणायचे. इंग्लंडात २००३ च्या परवाना कायद्यानुसार आधीच झिंगलेल्या माणसाला दारू विकणे हा गुन्हा आहे. हा कायदा तेथेही तंतोतंत पाळला जातो अशातला भाग नाही. पण पबचा चालक पुष्कळदा त्याच इमारतीत वर राहतो, गिऱ्हाईक त्याच गल्लीतले असते, ते उद्याही यायचे असते. म्हणून त्याला पुरे म्हणण्यात स्वतःचा लाभ दिसतो. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलेल्यांनी गोव्याच्या जुन्या वळणाचे ‘ताव्हेर्न’ पाहिले असेल: दोन-चार टेबले, उन्हाळ्यात उराक, एरवी फेणी, गल्ल्यावर मालक किंवा मालकीण स्वतः. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिची गणना वारशात होऊ लागली. गोव्यात दारूचे दुष्परिणाम नाहीत असे मुळीच नाही. पण तेथे ओतणाऱ्याला पिणाऱ्याचे नाव माहीत असते. सीएल-३ च्या खिडकीमागच्या नोकराला ते माहीत असण्याचे कारण नाही, आणि असले तरी त्याच्या हिशेबात त्याला रकाना नाही.

शिंदीची दुकाने परत आणा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. झाडे तुटली, रस कमी आणि मागणी तीच, तेव्हा पाण्यात क्लोरल हायड्रेट मिसळून बनावट ताडी विकण्याचा प्रकार राज्यात आणि सीमेपलीकडे तेलंगणातही वारंवार उघडकीस आला आहे. दुकाने सरसकट बंद केल्याने प्रश्न सुटतो, असेही अनुभव सांगत नाही. शेजारच्या कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून अरकावर बंदी घातली. पिणारे इतर मद्याकडे वळले. चंद्रपूर जिल्ह्यातील २०१५ ची दारूबंदी २०२१ मध्ये उठवावी लागली. आणि बेकायदा दारू काय करू शकते, हे २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीने दाखवले. शंभराहून अधिक माणसे तेथे विषारी दारूने गेली.

दुकानाविषयी बोलण्याचा अधिकार ज्यांना खरोखर आहे, त्या घरातल्या बायका. हिशेबपट्टीतले किती पैसे गंजगोलाईच्या आसपासच संपले, हे संध्याकाळी त्यांनाच कळते. २००८ च्या आदेशाने त्यांना एक हत्यार दिले. गावातल्या महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली, तर दुकान बंद. झालेल्या मतांच्या नव्हे, एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक. म्हणजे जी बाई त्या दिवशी मजुरीला गेली तिचे मत आपोआप उभ्या बाटलीला गेल्यासारखे. तरीही महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आडवी बाटली जिंकली आहे.

पण या मतपत्रिकेवर चित्रे दोनच आहेत. दुकान राहू द्या, मात्र बाजारच्या दिवशी दुपारपूर्वी उघडू नका. झोकांड्या खाणाऱ्याला दुसरी बाटली देऊ नका. परवाना ज्याच्या नावे आहे त्यालाच गल्ल्यावर बसवा. एवढेच ज्या बाईला सांगायचे असेल, तिने शिक्का कोठे मारावा यासाठी तिसरे चित्र त्यावर नाही.