रेल्वेचं ‘कवच’च बिघडलं तर? स्वतःची चूक पकडणाऱ्या यंत्राची गोष्ट

सिकंदराबाद : लोको पायलटने वेळेत ब्रेक लावला नाही, तर ‘कवच’ यंत्रणा आपोआप ब्रेक लावते. मनमाड-नांदेड-मुदखेड आणि परभणी-उदगीर-बिदर मार्गावर ती बसली आहे. पण प्रवाशांचा साधा प्रश्न असतो : कवचच बिघडलं तर?

सिकंदराबादेत मुख्यालय असलेल्या दक्षिण मध्य रेल्वेवर फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रवासी गाड्यांवर कवचच्या चाचण्या सुरू झाल्या. २०२० मध्ये ती राष्ट्रीय प्रणाली ठरली.

बिघाड लपता कामा नये

सिग्नल खात्याचा जुना नियम आहे : यंत्र कधी ना कधी बिघडणारच, बिघडलं तर गाडी थांबली पाहिजे. म्हणूनच रुळांतून बारीकसा वीजप्रवाह सोडतात. तार निघाली किंवा वीज गेली, की प्रवाह तुटतो, रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो.

संगणकाचं मात्र तसं नाही. तो बिघडूनही बेधडक चुकीचं उत्तर देऊ शकतो. खरा धोका तिथेच.

तिघांत दोघांचं मत

यावर सिग्नल यंत्रणांत रूढ असलेला एक उपाय म्हणजे तीन संगणक. तिघेही एकच हिशेब करतात. दोघांचं उत्तर जुळलं आणि तिसऱ्याचं वेगळं आलं, तर तिसऱ्याला बाजूला काढतात. गाड्या चालूच राहतात. उरलेल्या दोघांचंही पटेना, तर यंत्रणा पुढे जायची परवानगीच देत नाही.

काम नसतानाही संगणक स्वतःची तपासणी करत राहतो, कारण वापरात नसलेल्या भागातला बिघाड ऐनवेळी घात करतो.

कवच ‘एसआयएल-४’ या सर्वोच्च सुरक्षा पातळीचं आहे. म्हणजे धोकादायक चुकीची शक्यता १० कोटी तासांत एकापेक्षाही कमी. वर्षांत मोजायचं तर सुमारे ११ हजार!

दुरुस्ती कोण करतं?

स्मृतीतला एखादा अंक उलटला, तर सोबत साठवलेल्या जादा अंकांवरून संगणक तो स्वतः सुधारू शकतो. ही युक्ती रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडली. जळालेलं कार्ड मात्र माणसालाच बदलावं लागतं. कोणतं, ते यंत्र सांगतं. अशा सिग्नल कर्मचाऱ्यांना घडवणारी ‘इरिसेट’ संस्था १९५७ पासून सिकंदराबादेतच आहे.

तेव्हा उदगीरच्या अलीकडे गाडी उगाच थांबली असं वाटलं, तर लगेच चिडू नका. कदाचित यंत्राला स्वतःचीच शंका आली असेल. अशा वेळी थांबणं, हेच त्याचं काम.