ओव्हन सौदीचा, गॅस आपला

ओव्हन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई-पुण्याचे फ्लॅट येतात. पेण-रोह्याकडचा माणूस म्हणेल, ‘आमच्याकडे चूल जाऊन शेगडी यायलाच इतकी वर्षं लागली, ओव्हन कुठला?’ बोलणं खोटं नाही. मुंबईत बर्मा शेल कंपनीने १९५५मध्ये सिलिंडरचा गॅस घरगुती वापरासाठी द्यायला सुरुवात केली, पण तो खाडी ओलांडून आपल्या खेडोपाडी पोचायला काही दशकं जावी लागली. तरीही सांगतो, रोहा, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात हिंडून पाहा. ज्या घरातलं कोणी आखाती देशात नोकरीला आहे, तिथे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक उंच, चकचकीत, काचेच्या दाराचं धूड उभं असतं. वर चार-पाच बर्नर आणि खाली ओव्हन. त्यालाच कुकिंग रेंज म्हणतात. मुलाने हौसेने आणलेला, आईने फुलाफुलांच्या कापडाने झाकून ठेवलेला. आणि हल्ली नव्या बंगल्यांतून भिंतीतल्या कपाटात बसवायचे ओव्हनही येऊ लागले आहेत. त्यातले बहुतेक विजेचे असतात, पण गॅसचेही अधूनमधून दिसतात.

अडचण तो बिघडल्यावर सुरू होते. तालुक्याच्या गावी शेगडी दुरुस्त करणारे पुष्कळ. ओव्हन उघडून बघितलेला मिस्त्री विरळाच.

मी धाटावच्या कारखान्यांत देखभाल विभागात नोकरी केली. त्यामुळे आळीत कोणाचं काही बंद पडलं की हाक मलाच. आमच्या शेजारच्या भाभींकडे असाच एक सौदीहून आलेला रेंज होता. त्यांची नानखटाई आळीभर जायची, म्हणजे त्या ओव्हनशी माझाही थोडा स्वार्थ जोडलेला होता. एका पावसाळ्यात त्याने खोडी सुरू केली. नॉब दाबून पेटवला की पेटायचा, हात सोडला की विझायचा. मी तेव्हा गावी नव्हतो. भाभींनी एका मिस्त्रीला बोलावलं. त्याने तासाभरात ‘दुरुस्त’ करून दिला. वर कौतुकाने सांगितलं, ‘आता दाबून धरायचीसुद्धा गरज नाही.’

आठवड्याभराने भाभींनी भट्टी लावली, म्हणजे ओव्हन मंद आचेवर ठेवला, आणि त्या मागच्या पडवीत गेल्या. वाऱ्याने दार आपटलं, ज्योत विझली. परत येऊन पाहतात तो आत अंधार. पुन्हा पेटवायला लायटर हातात घेतला आणि तेवढ्यात वास आला. त्यांनी लायटर खाली ठेवला आणि मला हाक मारली. मी जाऊन पहिल्यांदा सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, विजेच्या एकाही बटणाला हात लावू दिला नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असतो. तो वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, ओव्हनच्या तळाशी, ओट्याखाली साचतो. हवेत शंभराला दोन भाग एवढा झाला तरी ठिणगीने पेट घेतो. पंख्याचं बटण दाबणं हीसुद्धा ठिणगीच. अशा वेळी घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करता येतो. ही गॅसगळतीची देशभरची तातडीची सेवा आहे आणि रात्रीही चालू असते.

आता त्या मिस्त्रीने काय केलं होतं, ते समजायला ओव्हनच्या पोटात डोकवावं लागेल. ओव्हनचा बर्नर तळाच्या पत्र्याखाली असतो, ज्योत आपल्याला नीट दिसत नाही. विझली तरी कळत नाही. म्हणून तिथे एक राखणदार बसवलेला असतो, थर्मोकपल नावाचा. दिसायला पेन्सिलीच्या टोकाएवढी धातूची कांडी आणि तिच्यामागे तांब्याची बारीक लांब तार. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की त्यात अगदी थोडी वीज तयार होते, वीस-तीस मिलिव्होल्ट. टॉर्चच्या एका सेलच्या पन्नासाव्या भागाएवढी म्हणा. पण तेवढ्या विजेवर कॉकमधलं छोटं चुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतं. ज्योत विझली, कांडी निवली, वीज संपली, की झडप साधारण मिनिटभरात आपोआप बंद होते. पेटवताना दहा-पंधरा सेकंद नॉब दाबून धरायचा तो कांडी तापेपर्यंत झडप हाताने उघडी ठेवण्यासाठी. कंटाळा येतो खरा, पण ते दाबून धरणं हीच ओव्हन शाबूत असल्याची खूण आहे.

हात सोडल्यावर ज्योत विझते याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की कांडीवर काजळी बसली आहे, ती ज्योतीतून बाजूला सरकली आहे, मागचा नट ढिला झाला आहे, किंवा ती संपली आहे. आमच्या मिस्त्रीने यातलं काही न पाहता झडपेवरची रबरी चकतीच काढून टाकली आणि कांडी तोडून भंगारात दिली. राखणदार त्रास देतो म्हणून त्याला हाकलून दरवाजा सताड उघडा टाकला. त्या माणसाला मी फार दोष देत नाही, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. पण अशी ‘दुरुस्ती’ आपल्या घरात झाली असेल, तर आजच तो ओव्हन वापरणं थांबवा.

मग सुरू झाला भागाचा शोध. पहिला प्रश्न, हा ओव्हन नेमका कोणता? दारावर कंपनीचं नाव असतं, पण त्याचा उपयोग थोडा. हवा असतो तो मॉडेल नंबर. तो असतो एका छोट्या पट्टीवर. दार उघडल्यावर चौकटीच्या कडेला, खालच्या खणाच्या आत किंवा पाठीमागच्या पत्र्यावर ही पट्टी चिकटवलेली किंवा रिबिटने ठोकलेली असते. आमच्याकडची दारातली पट्टी वर्षानुवर्षं घासणीने घासून गुळगुळीत झालेली. खालचा खण पूर्ण बाहेर काढला तेव्हा आत दुसरी सापडली, जशीच्या तशी. नवा ओव्हन आणणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी त्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

या पट्टीवर गॅसची जातही लिहिलेली असते. इंग्रजी ‘जी’ अक्षर आणि पुढे ३० म्हणजे ब्युटेन, ३१ म्हणजे प्रोपेन. आपल्या सिलिंडरात या दोघांचंच मिश्रण असतं. ‘जी २०’ म्हणजे मिथेन, अर्थात पाइपने येणारा नैसर्गिक वायू. शेजारी दाब लिहिलेला असतो, मिलिबारमध्ये. आपल्या घरगुती रेग्युलेटरचा दाब तीस मिलिबारच्या आसपास, त्यामुळे ‘जी ३०, २८ ते ३०’ असं लिहिलेला ओव्हन आपल्याकडे चालतो. फक्त तिकडचा रेग्युलेटर इकडे आणू नका. सिलिंडरच्या तोंडाला तो बसेलच असं नाही. रेग्युलेटर आपल्या वितरकाकडूनच घ्यायचा.

हा जी २० आणि जी ३०चा भेद यापुढे आपल्या जिल्ह्यात जास्त महत्त्वाचा होणार. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाने २०१५मध्ये रायगड जिल्ह्यात पाइपने गॅस देण्याची परवानगी महानगर गॅसला दिली. ज्या घरात असा पाइप येईल, तिथे ओव्हनचे जेट बदलावे लागतील. जेट म्हणजे बर्नरच्या मुळाशी असलेला पितळी नट, त्याला सुईएवढं भोक. त्यावर एक आकडा कोरलेला असतो. ५० म्हणजे भोक अर्ध्या मिलिमीटरचं, ७२ म्हणजे पाऊण मिलिमीटरला थोडं कमी. पाइपच्या गॅसमध्ये घनफळाच्या मानाने उष्णता कमी आणि दाबही कमी, म्हणून त्याला साधारण दीडपट व्यासाचं भोक लागतं. सिलिंडरचे जेट पाइपच्या गॅसवर ठेवले तर ज्योत मरतुकडी होईल, एवढंच. उलटं केलं तर मात्र पिवळी, लांब, काजळी धरणारी ज्योत निघेल आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होईल. त्याला वासही नसतो. काही मिस्त्री जेटचं भोक सुईने किंवा ड्रिलने मोठं करून देतात. कृपा करून करू देऊ नका. नेमक्या आकड्याचा जेट विकत मिळतो आणि तो काही महाग नसतो.

आमच्या ओव्हनची कंपनी इटलीची. तिचा इथे कोणी वाली नव्हता. पण यातली एक गंमत अशी, की ओव्हन बनवणारी कंपनी सगळे भाग स्वतः करत नाही. कॉक एका कारखान्याचा, थर्मोस्टॅट दुसऱ्याचा. त्यामुळे शोधायचं ते ओव्हनचं नाव नव्हे, त्या भागावर ठोकलेलं नाव आणि नंबर. कॉकच्या पितळी अंगावर ते मिळालं. थर्मोकपल तर सगळ्या जगात थोड्याफार ठरावीक मापांत मिळतं. लांबी, कांडीचा व्यास आणि कॉककडच्या टोकाचे आटे, एवढी तीन मापं जुळली की झालं. आटे आठ, नऊ किंवा दहा मिलिमीटरचे असतात, काहींना आट्यांऐवजी नुसती खोचायची पट्टी असते. जुनी कांडी भंगारात गेल्यामुळे मी कॉकपासून बर्नरपर्यंतची वाट सुतळीने मोजली, वळणांसकट. ती भरली पाऊण मीटर. म्हणून नव्वद सेंटिमीटरची घ्यायची ठरवली. जास्तीची तार गोल गुंडाळून ठेवता येते, तोकडी ताणता येत नाही.

मग सुतळी, कॉक आणि पट्टीचा फोटो घेऊन सकाळची दिव्याची गाडी पकडली. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या गल्ल्यांत दोन-तीन दुकानांनी मान हलवली. चौथ्याने कॉक हातात घेतला, उलटा केला आणि एक शब्द न बोलता आतून डबा आणला. सांगायचं एवढंच की जुना भाग टाकू नका, खिशात घालून न्या. तोंडी वर्णनाने वस्तू मिळत नाही.

बसवताना घ्यायची काळजी थोडक्यात सांगतो. थर्मोकपलचा नट आधी बोटांनी आणि मग पान्ह्याने पाव वळसा, जास्त आवळला तर आतलं टोक चेपतं. कांडीचं टोक ज्योतीत बुडलेलं हवं. रबरी नळी ओव्हनच्या पाठीमागून कधीच नेऊ नये, तिथला पत्रा तापतो. आयएसआय खुणेची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी घ्यावी आणि तिच्यावर छापलेली मुदत पाळावी. भिंतीतला ओव्हन असेल तर धातूचीच पक्की जोडणी हवी, गॅसचा कॉक शेजारच्या कपाटात, हात पोचेल असा. कपाटाला मागून आणि विशेषतः तळाशी हवा खेळायला जागा ठेवा. सुतार ती व्यवस्थित बंद करून टाकतो आणि आपण त्याच्या सफाईचं कौतुक करतो! शेवटी प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहायचं. काडी लावून तपासणारे महाभाग अजून आहेत.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, पाऊस. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसात आणि खाडीच्या खाऱ्या हवेत बर्नरची भोकं गंजाने बुजतात, दाराच्या बिजागऱ्या धरतात. पावसाळ्यात ओव्हन वापरायचा नसला तरी पंधरा दिवसांनी एकदा दहा मिनिटं तापवावा. आणि झाकायचं ते कापड सुती असावं, प्लॅस्टिकच्या खाली घाम धरतो.

भाभींचा ओव्हन त्याच रात्री पेटला. नॉब दाबून मी मनात पंधरा मोजले, हात सोडला, ज्योत राहिली. मग मुद्दाम विझवली आणि कान लावून बसलो. चाळीस-पंचेचाळीस सेकंदांनी आतून झडप पडल्याचा ‘टक्’ असा बारीक आवाज आला. भाभींना तो तीनदा ऐकवला. आतला दिवा मात्र लागत नव्हता. सौदीत पूर्वी घरोघरी १२७ व्होल्टची वीज असे, आपल्या २३० व्होल्टला तो पहिल्याच दिवशी गेला होता. तीनशे अंश उष्णता सोसणारा आपल्या व्होल्टेजचा दिवा नंतर मिळाला. कोंबडी फिरवायची मोटर अजून बंदच आहे. भाभी म्हणतात, ‘राहू दे, भाऊ, कोंबडी मी हाताने परतेन.’