व्हाले मेआँव

पोर्तुगालच्या ईशान्य भागातील, दोरू नदीच्या खोऱ्यातील एक द्राक्षमळा व तेथील द्राक्षांपासून होणारी त्याच नावाची गडद, भरदार चवीची तांबडी मिश्र वाइन. मळा पोसिन्यू गावाजवळ नदीच्या मोठ्या वळणात वसलेला आहे. येथे वार्षिक पर्जन्यमान सु. ४० सेंमी. असून उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. जमीन मुख्यतः शिस्ट या पापुद्र्यांच्या खडकाची, काही भागांत ग्रॅनाइटची व नदीने आणून टाकलेल्या गोट्यांची आहे.

दोरू खोऱ्यातील मद्यप्रदेशाची सीमा मार्केस दि पोंबाल यांच्या शासनाने १७५६ मध्येच आखली होती. तथापि पुढे सु. दोनशे वर्षे तेथील उत्तम द्राक्षे पोर्ट या गोड मद्यासाठीच राखली जात. पोर्ट करताना द्राक्षजन्य मद्यार्क घालून किण्वन मध्येच थांबवतात, त्यामुळे साखर शिल्लक राहते. साध्या तांबड्या वाइनसाठी मात्र किण्वन शेवटास न्यावे लागते. या उष्ण प्रदेशात रस फार तापून यीस्ट निकामी होई व सुगंध उडून जाई. खरी अडचण द्राक्षांची नव्हती, उष्णतेची होती.

पोर्ट-व्यवसायातील कर्तबगार विधवा दोना अंतोनिया आदेलाइद फेरेइरा (१८११–९६) यांनी १८७७ मध्ये ही पडीक जमीन घेतली. फायलोक्झेरा या किडीने खोऱ्यातील जुने मळे उद्ध्वस्त होत असतानाचा हा काळ. रेल्वे पोसिन्यूपर्यंत आली ती १८८७ मध्ये. तिच्या आधी इतक्या आडबाजूला लागवड करणे हे धाडसच होते.

फेरेइरा कंपनीचे मद्यतज्ज्ञ फर्नांदू निकोलाऊ दि आल्मैदा यांनी १९५२ मध्ये येथे बार्का व्हेल्या ही प्रसिद्ध वाइन प्रथम तयार केली. मळ्यात वीज नसल्यामुळे रस थंड ठेवण्यासाठी पोर्तू शहराजवळच्या मातूझिन्यूश बंदरातून बर्फ आणावा लागे. कंपनी १९८७ मध्ये सोग्राप या उद्योगाकडे गेली. मळा मात्र दोना अंतोनियांच्या वंशजांकडे राहिला. त्यांपैकी ओलाझाबाल कुटुंबाने द्राक्षे कंपनीस देणे थांबवून १९९९ च्या हंगामापासून मळ्याच्या नावाने स्वतःची वाइन काढली. बार्का व्हेल्यासाठी कंपनीला अन्य मळ्यांकडे वळावे लागले.

मिश्रणात तोरिगा नासिओनाल ही बारीक मण्यांची व जाड सालीची जात प्रमुख असते. तिचे उत्पन्न कमी, पण रंग व तुरटपणा तिच्यामुळेच येतो. तोरिगा फ्रांका सुगंध देते. तिंता रोरिश म्हणजे स्पेनमधील टेंप्रानियोच होय. पातळ सालीची तिंता बारोका थोडीच घालतात. द्राक्षे ग्रॅनाइटच्या हौदांत पायांनी तुडवून रस टाक्यांत किण्वनासाठी नेतात व नंतर वाइन फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरवतात. चांगल्या हंगामातील वाइन दहा-पंधरा वर्षे सहज टिकते. तळाशी गाळ साचत असल्याने ती निथळून घेणे इष्ट. मळ्याची दुसरी, काहीशी सौम्य व लवकर पिण्याजोगी वाइन ‘मेआंद्रू’ या नावाने विकली जाते. या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ नदीचे वळण असा आहे.